कधी न तापलेली जीप

मी एक जुनी जीप आहे आणि मित्रांनो, माझी कहाणी थंडीची आहे. उरणच्या गाडीने थंडीचं गाऱ्हाणं सांगावं, याचं तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा, इथे सगळेच हसतात. ज्या गावात माघातही दुपारी पंखा लागतो, तिथे थंडीने कोणाचं काय बिघडणार, असं मलाही पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. उत्तरेकडच्या डोंगरांत काम करणाऱ्या एका सरकारी खात्याने माझी मागणी नोंदवली होती. त्यामुळे माझ्या बहिणींना न मिळालेली एक वस्तू मला मिळाली, ती म्हणजे हीटर. पुढे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी पत्र्याची एक चौकोनी पेटी असते. इंजिनात तापलेलं पाणी तांब्याच्या नळीतून या पेटीत येतं, पेटीतला छोटा पंखा त्यावरून वारा सोडतो आणि आत बसलेल्यांचे हातपाय शेकून निघतात.

पण पाणी तापायला हवं ना? त्यासाठी इंजिनाच्या माथ्यावर, पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं त्या वाटेवर, मुठीत मावेल एवढी एक पितळी झडप असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असेपर्यंत ती वाट अडवून बसते आणि पाण्याला सांगते, थांब, आधी नीट तापून घे. पाणी हवं तेवढं तापलं की मग वाट मोकळी करते. हे नाव तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या झडपेपायी घडलं.

डोंगरात मी आठ वर्षं काढली. सकाळी माझ्या टपावर वीतभर बर्फ असायचा. साहेब लोक आत शिरले की आधी हातमोजे काढून पेटीपुढे हात धरायचे आणि 'आहाहा' म्हणायचे. तिथे माझं कौतुक होतं ते माझ्या उबेसाठी. मग खात्याला नव्या गाड्या मिळाल्या आणि आम्हा जुन्या चौघींचा लिलाव झाला. दोनचार दलालांच्या हातांतून फिरत मी पनवेलला आले आणि तिथून मला हिरामणने नेलं.

हिरामण उरणजवळच्या करंजा बंदरातला कोळी. पण त्याची एक गंमत होती, त्याला समुद्र लागायचा. बापाच्या होडीत बसला की खाडीचं तोंड येईपर्यंत पोटातलं सगळं बाहेर. कोळ्याचं पोर आणि होडीत ओकतंय, म्हणून भावकीत त्याची टिंगल व्हायची. शेवटी बापच म्हणाला, "तू जमिनीवरच होडी चालव." तीच जमिनीवरची होडी म्हणजे मी. नारळी पौर्णिमेला सगळा गाव समुद्राला नारळ द्यायला बंदरावर जायचा, तेव्हा हिरामण एक नारळ माझ्या पुढच्या चाकापाशीही फोडायचा. खारा वारा पत्रा खातो म्हणून रोज गोड्या पाण्याने मला धुवायचा. असा मालक मिळायला नशीब लागतं, हे मी आजही म्हणेन.

पहिल्याच वैशाखात घोळ झाला. लग्नाची माणसं भरून आम्ही पेणला निघालो होतो. कर्नाळ्याच्या चढावर माझं पाणी उकळलं, बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. नवरदेव मुंडावळ्या सावरत झाडाखाली बसला, करवल्या रुसल्या आणि हिरामणला चार वडीलधाऱ्यांची बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याने मला दास्तान फाट्याच्या सदू मिस्त्रीकडे उभी केली. सदू त्याचा बालमित्र. हाताचा चांगला, जिभेचा तिखट, आणि आपल्याला सगळं कळतं याची पूर्ण खात्री असलेला.

खरं कारण साधं होतं. माझ्या रेडिएटरच्या जाळीत खाडीचा चिखल बसून वाळला होता. सदूने तो धुऊन काढला. तेवढ्यावर तो थांबला असता तर मला आज हे सांगावं लागलं नसतं. पण त्याने इंजिनाचं वरचं झाकण खोललं, ती पितळी झडप काढली आणि हिरामणच्या नाकासमोर धरली. इथल्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो, तेव्हा 'गारी' म्हणजे गाडी, म्हणजे मीच.

"ह्यो बग. ह्यो पानी अरवून धरतो. बर्फातल्या गार्‍यांना लागतो ह्यो. आपल्या उरनात ह्याचा काय काम?"

"मंग टाक कारून," हिरामण म्हणाला.

झडप भंगाराच्या डब्यात गेली. हीटरकडे जाणाऱ्या नळ्यांचं तोंडही सदूने बांधून टाकलं, कारण आत आणखी गरम हवा कोणाला हवी होती? पुढच्या खेपेला मी तोच चढ हसतखेळत चढले. चढले ती धुतलेल्या जाळीमुळे, पण श्रेय मिळालं झडप काढल्याला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

त्या दिवसापासून माझ्यासमोरच्या घड्याळातला तापमानाचा काटा तळाशी जो झोपला, तो उठलाच नाही. झडप नसल्याने पाणी तापायच्या आतच रेडिएटरकडे पळायचं. मी कायम गार. मला डिझेल जास्त लागायचं, सकाळी धूर जास्त यायचा, आतून सगळं आखडल्यासारखं वाटायचं. पण हिरामणला तो झोपलेला काटा म्हणजे तब्येतीचं सर्टिफिकेट वाटे. चहाच्या टपरीवर, बंदरावर, सोयऱ्यांच्या दारात तो तीस वर्षं एकच फुशारकी मारत आला, "माजी गारी कंदी तापली नाय." लोक माना डोलवायचे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते कौतुक गोड लागायचं.

दोन वर्षांनी रखमा लग्न होऊन आली. ती मासळीच्या धंद्यात वाढलेली. पहाटे करंजा बंदरावर बोटी लागल्या की ती बोली लावून माल घ्यायची आणि हिरामण तो माझ्यात भरायचा. बांगडा, मांदेली, कोळंबी बर्फाच्या पेट्यांत मागे. पापलेट मात्र मागे नाही. पापलेटाची टोपली ती स्वतःच्या मांडीवर घेऊन पुढे बसायची. खड्ड्यात गाडी आदळली की पेटीतलं पापलेट दबतं, त्याच्या अंगावरची चांदी निघते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. तिची आई अशीच मांडीवर टोपली घेऊन एसटीने जायची. टोपलीत कुटलेला बर्फ, वर ओलं फडकं, आणि फडक्याखाली रखमाचे दोन्ही हात. बर्फ एका जागी गोळा होऊ नये म्हणून ती वाटभर तो बोटांनी पसरत राहायची. बर्फाचं पाणी तिच्या लुगड्यातून माझ्या फरशीवर ठिबकायचं.

आधी आम्ही पनवेलला जायचो. मग खाडीकाठी उलवे उभं राहिलं, चिखलातून बारा-बारा मजले वर आले, आणि रखमाने तिथल्या बाजारात ओटा धरला. इमारतीतल्या बायका तिच्याकडे यायच्या त्या ती मासळी साफ करून द्यायची म्हणून. पायाखाली दाबलेल्या कोयत्यावर तिचा हात असा चालायचा की पापलेटाचे तुकडे मोजून कापल्यासारखे सारखे. तेजश्री, तिची एकुलती एक मुलगी, या कोयत्यावरच शिकली आणि लग्न होऊन अलिबागला गेली.

या सगळ्यात थंडी कुठे आली? सांगते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जासईच्या पुढे खाडीवरून वारा येतो. कंटेनरचे ट्रेलर शेजारून जातात तेव्हा तो दुप्पट जोराने आत घुसतो. माझा टप ताडपत्रीचा, तोही फाटलेला, आणि दारं म्हणजे नुसते पडदे. कोरड्या माणसाला तो वारा गोड वाटेल. पण कंबरेपर्यंत भिजलेल्या आणि बर्फात हात खुपसून बसलेल्या बाईला तो कसा लागत असेल, हे त्या शहाण्या हसणाऱ्यांनी एकदा बसून पाहावं. रखमा कधी काही म्हणाली नाही. गव्हाण फाट्याजवळ ती हात बाहेर काढून काखेत दाबायची, इतकंच.

गेल्या दिवाळीत तिची बोटं पांढरी पडायला लागली. उजव्या हाताची तीन बोटं, खडूसारखी. उलव्याच्या डॉक्टरांनी तपासलं. साखर तिला आधीपासून होती, त्यात तीस वर्षांचा बर्फ. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "ही थंडी जाईपर्यंत हात गरम ठेवा. नाहीतर बोटांतली जाणीव जाईल. गेलेली परत येत नाही."

परतीच्या वाटेवर हिरामण म्हणाला, "ओटा बंद करू."

"आन् मी घरी बसून काय करू?" रखमा म्हणाली. "कोयता हाय तवर मी हाय."

तिने रबरी हातमोजे वापरून पाहिले, पण त्यात पाणी शिरून हात आणखी गारठले आणि मासा हातातून निसटायला लागला. टोपली मागे ठेवायला ती तयार होईना. मग हिरामणच्या डोक्यात माझी आठवण पेटली. "आपल्या गारीला हीटर हाय," तो म्हणाला. मित्रांनो, त्या शब्दाने मला काय झालं ते कसं सांगू? तीस वर्षांनी कोणी माझं मूळ नाव घेतल्यासारखं झालं.

सदू पोट धरून हसला. "उरनात हीटर? उंद्या बर्फाच्या कारखान्यात शेकोटी करशील."

पण मित्राचा चेहरा पाहून त्याने पाने-पक्कड हातात घेतले. पेटी खोलली तेव्हा आतून निघाले रखमाच्या केसांचे तीस वर्षांचे आकडे, उदबत्तीची काडी आणि उंदराने केलेलं घरटं. आतली जाळी गंजाने भरली होती, ती त्याने धुतली. पंख्याची मोटर नवी बसवली. बांधलेल्या नळ्या सोडून नवे पाइप जोडले. हिरामणने कळ दाबली, पंखा फिरला आणि रखमाच्या हातांवर वारा आला. तो कोमटही नव्हता. उन्हात ठेवलेल्या पाण्याएवढीही धग त्यात नव्हती.

"हवा आत येतंय म्हनून," सदूने निदान केलं. मग पुढचे पंधरा दिवस माझ्यातली भोकं बुजवण्यात गेले. ताडपत्रीला ठिगळं लागली. पडद्यांच्या जागी पत्र्याची दारं आली, दारांना रबराच्या पट्ट्या. फरशीवर लोकरीचा जाड नमदा आणि त्यावर जुनी घोंगडी. इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यात वायरींसाठी जेवढी छिद्रं होती, ती सगळी बंद. हिरामण स्वतः गुडघ्यावर बसून मेणबत्ती धरायचा, ज्योत कुठे हलते ते पाहायचा. म्हातारपणी त्याची पाठ धरायची, तरी तो उठायचा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असला तो प्रकार. वारा थांबला हे खरं, पण ऊब येणार कुठून? पाणीच तापत नव्हतं.

आणि मला माहीत होतं. दोष नक्की कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या माथ्यावरची ती मोकळी जागा मला रोज जाणवायची. मी रोज पहाटे जास्त धूर सोडला, जास्त डिझेल प्यायले, समोरचा काटा तळाशी पाडून ठेवला. गाडीला बोलायला एवढंच येतं. हिरामण त्या काट्याकडे बघायचा आणि समाधानाने म्हणायचा, बघ, इतकं करूनही गाडी तापली नाही.

एकदा देवानेच संधी दिली होती. पौषातली सकाळ होती, जासईला चहासाठी आम्ही थांबलो. शेजारी एक ट्रेलर उभा होता. त्याचा ड्रायव्हर थेट हिमाचलचा, गळ्याला मफलर. आतला हीटर पाहून तो खूश झाला. हिरामणने त्याला रडगाणं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "आगे जाली पर गत्ता लगाओ चाचा. हवा रुकेगी तो पानी गरम होगा." जाळीपुढे पुठ्ठा लावायचा, बस्स. झडप नसली तरी त्याने निम्मं काम झालं असतं. डोंगरात माझ्यापुढे दर हिवाळ्यात पुठ्ठा असायचा.

हिरामणने माझ्या जाळीकडे एकदा पाहिलं. पण कर्नाळ्याची वाफ त्याच्या डोळ्यांपुढे आली असावी. रेडिएटरची हवा मुद्दाम अडवायची, ही गोष्ट इथल्या माणसाच्या पचनी पडणारी नाही. तो हसून म्हणाला, "नको बाबा. माजी गारी कंदी तापली नाय, आता म्हातारपनी कनाला तापवू?" ड्रायव्हरने खांदे उडवले आणि तो निघून गेला. मी मागे वळून त्याच्याकडे पाहूही शकत नव्हते. त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचा जेवढा राग आला, तेवढा कधी आला नव्हता.

हीटर जोडल्याला असे दोन महिने होत आले. थंडी यंदा लांबली. रखमा पेटीपुढे हात धरून बसायची, कारण हिरामणने एवढा खटाटोप केला होता. "येतंय जरा जरा," म्हणायची. नंतर मुकाट्याने हात काखेत.

माघ संपत आला होता. उलव्याच्या बाजारात रखमाची एक नेहमीची गिऱ्हाईक होती, संघप्रिया. मूळची नांदेडकडची, वय तिशीच्या आत, तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रांची तापमानं आणि दाब पाहण्याचं काम करायची. त्या रविवारी ती पापलेट घ्यायला आली. रखमा कापत होती, बोलत होती. संघप्रिया अचानक म्हणाली, "मावशी, थांबा. हे रक्त माशाचं नाहीये."

रखमाने खाली पाहिलं. कोयत्याने तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं कापलं होतं. पापलेटाचे तुकडे लाल झाले होते आणि तिला पत्ताच नव्हता. शेजारणीने हळद दाबली. संघप्रियाने पिशवी तिथेच टाकली, रखमाला धरून माझ्याकडे आणलं आणि दोघींना घेऊन हिरामण डॉक्टरांकडे निघाला. रस्त्यात विमानतळाकडच्या गाड्यांची कोंडी होती, वीस-पंचवीस मिनिटं मी घरघरत उभी होते. संघप्रिया मागच्या बाकावरून पुढे वाकून बसली होती. तिची नजर समोरच्या घड्याळावर गेली. ज्याचं काम काटे बघण्याचं, त्याला काटा दिसतोच.

दवाखान्यात रखमा एकटी आत गेली. बाहेर संघप्रियाने विचारलं, "काका, तुमचा टेंपरेचरचा काटा बंद आहे का?"

"बंद नाय. माजी गारी कंदी तापत नाय."

"कधीच नाही?"

"तीस वर्सांत नाय."

तिने बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवला, मग इंजिनावर. "काका, इंजिन चालू होऊन अर्धा तास झाला. हे एवढं गार राहणं चांगलं नसतं, हा आजार आहे. याचा थर्मोस्टॅट कोणीतरी काढलाय. मुंबईकडच्या जुन्या गाड्यांत काढून टाकतात. तो नसेल तर तुमचा हीटर जन्मात तापणार नाही."

हिरामणने स्वतः त्या पाइपवर हात ठेवून पाहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर तेजश्रीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "येवडाच? येवडाच होता?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तेवढ्यात रखमा बाहेर आली, हाताला पट्टी. तो तिच्याकडे धावला. "रखमा, गावला गो! हीटरचा दोस गावला! उंद्यापासून तुजे हात गरम!"

रखमा त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. "डाक्तर काय म्हनाला?" त्याने विचारलं.

"बरा हाय म्हनाला. चला, मासली उनात हाय."

दुसऱ्या दिवशी सदूने नवी झडप बसवली. अर्धा तास लागला. त्याची तिखट जीभ त्या दिवशी चालली नाही. जुनी झडप त्यानेच काढली होती, तीही हिरामणच्याच सांगण्यावरून, त्यामुळे तो विषय दोघांनीही काढला नाही.

त्यानंतरच्या पहाटे मी करंजाहून निघाले. माझ्या अंगात जुनी धग परत येत होती. काटा तळातून उठला, हळूहळू वर सरकला. हिरामणच्या कपाळावर घाम आला, त्याने दोनदा गाडी थांबवून बॉनेट उघडलं. काटा मध्यावर आला आणि थांबला, संघप्रियाने सांगितलं होतं तसाच. मग त्याने पंखा सोडला. आत अशी ऊब पसरली, की डोंगरातले साहेब लोकही 'आहाहा' म्हणाले असते. त्याने रखमाची टोपली उचलून मागे ठेवली. या वेळी ती नाही म्हणाली नाही. त्याने तिचा उजवा हात धरून पेटीपाशी नेला.

"लागतंय गरम?"

"लागतंय."

तो हसला आणि गाडी चालवायला लागला. पण मित्रांनो, तिचा हात कुठे होता ते त्याला अंधारात दिसलं नव्हतं. तिची बोटं पेटीत शिरणाऱ्या तांब्याच्या नळीवर टेकली होती. त्या नळीतून माझं जवळजवळ उकळतं पाणी वाहत होतं. तिथे कोणाचाही हात लागला तर तो दचकून मागे घेईल. रखमाचा हात जासईपासून गव्हाण फाट्यापर्यंत तिथेच होता. तिच्या कातडीचा चटका मला जाणवत होता आणि तिला जाणवत नव्हता. मला थंड व्हायचं होतं, त्या क्षणी, पूर्वीसारखं. पण आता मी दुरुस्त झाले होते.

बाजारात संघप्रिया मुद्दाम विचारायला आली. रखमाच्या बोटांवरचे फोड तिने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. रखमाने तिला माझ्या आडोशाला ओढलं.

"डाक्तरनी त्या दिवशी सुई टोचली. तीन बोटांना. कंदी टोचली मना कललाच नाय. गेलीत म्हनाला, आता येयाची नाय."

"मावशी, काकांना सांगा तरी."

"नको गो. पंधरा दीस तो फरशीवर पालथा परलेला मी बगितलाय. तुला माजी आन हाय." आणि ती ओट्याकडे गेली. कोयता तिने त्या दिवसापासून गुंडाळून ठेवला. मासळी ती आता अख्खी विकते. साफ करून हवी असलेल्या बायका दोन ओटे पुढे जातात.

ही गोष्ट आम्हा तिघींतच राहील असं मला वाटलं होतं. पण रखमाच्या बोटांवरचे फोड त्यानेही पाहिले असावेत, कारण चार दिवसांनी दुपारी हिरामण एकटाच माझ्यात येऊन बसला. त्याच्या हातात जाळ्याची जाड सुती दोरी होती. तो वाकला, त्याने त्या तांब्याच्या नळीवर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं.  मग त्याने नळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरीचे वेढे दिले. एकाला एक लागून, घट्ट, कुठेही तांबं उघडं राहणार नाही असे. गाठ मारली आणि घरी गेला. रखमाला तो काही बोलला नाही.

तेव्हापासून रोज पहाटे जासई आली की तो विचारतो, "लागतंय गरम?" ती म्हणते, "लागतंय." दोघंही समोरच्या रस्त्याकडे पाहतात. रखमाला वाटतं आपण त्याला सांभाळलं. त्याला काय वाटतं, ते मला माहीत आहे, कारण रोज बाजारात ती उतरली की तो वाकून त्या दोरीचे वेढे चाचपतो आणि सैल झालेला एखादा पुन्हा घट्ट करतो.

मित्रांनो, मी गंजत चालले आहे, माझं फार उरलेलं नाही. तुमच्या घरात जुनी यंत्रं असतील, त्यांची काळजी घ्या, त्यांतलं काही निरुपयोगी वाटलं तरी फेकण्याआधी ते तिथे का होतं ते विचारा. आणि जे कधीच तक्रार करत नाही, ते ठणठणीत आहे असं समजू नका, मग ते यंत्र असो वा माणूस. माझा काटा तीस वर्षं हलला नाही आणि रखमा तीस वर्षं बोलली नाही. हिरामणने आम्हा दोघींचं चारचौघांत कौतुकच केलं. तुमच्या घरी कोणी असं गप्प हात काखेत दाबून बसलं असेल, तर आजच जा आणि तो हात आपल्या हातात घेऊन बघा. तुमच्या हाताची ऊब अजून त्यांना कळते आहे, तोवर.